कॅप्टन क्लॉचे आवाज बाहेर काढताना

एका जुन्या कॉम्प्युटर गेमचे आवाज बाहेर काढायचे, आजच्या कॉम्प्युटरवर वाजतील असे करायचे आणि भाच्याच्या रिमेकमध्ये बसवायचे, हे काम आम्ही जून २०२४ मध्ये सुरू केलं. मार्च २०२५ मध्ये ते संपलं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात याबद्दल विचारायला कोणी नव्हतं. जी माहिती सापडत होती ती प्रोग्रामिंग येणाऱ्यांनी प्रोग्रामिंग येणाऱ्यांसाठी लिहिलेली. मला प्रोग्रामिंग येत नाही. मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज हे माझं रोजचं काम. कुणाला असंच काही करायचं असेल आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नसेल, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

गेम म्हणजे कॅप्टन क्लॉ. मोनोलिथ प्रॉडक्शन्स या अमेरिकी कंपनीने तो १९९७ साली काढला. समुद्री चाचा असलेला एक बोका, हातात तलवार, १४ लेव्हल, आणि पहिली लेव्हल ला रोका नावाच्या किल्ल्यातल्या तुरुंगाची. २००४ साली मी दारव्ह्याला एमएस-सीआयटी केलं तेव्हा क्लासमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर हा गेम होता. सर जेवायला गेले की सगळ्या खोलीत एकच संगीत सुरू व्हायचं. माझ्या बहिणीचा मुलगा यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी गोडो या गेम बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिली लेव्हल नव्याने बनवायला घेतली. चित्रं स्वतः काढली, नाव वेगळं ठेवलं. आवाजांचं काम मी मागून घेतलं, कारण त्या गेमचे आवाज मला त्याच्या चित्रांपेक्षा जास्त आठवतात.

पहिला प्रश्न सीडीचा. आमच्याकडे फिरणाऱ्या सीड्या कॉपीच्या कॉपी होत्या. आकार कमी करायला लोकांनी त्यांतून संगीत नाहीतर व्हिडिओ काढून टाकलेले असायचे. शिवाय कायद्याच्या बाजूने उभं राहायचं तर विकत घेतलेली मूळ प्रत हवी. पुण्याच्या एका संग्राहकाकडे ती मिळाली, स्पीड पोस्टसह २,२०० रुपयांना. १५ जूनला पैसे पाठवले आणि पुढच्या आठवड्यात पार्सल तालुक्याच्या पोस्टात आलं. पार्सलवर माहेरचं आडनाव होतं आणि आधारवर सासरचं, म्हणून लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स द्यावी लागली. काही मागवताना आधारवर आहे तेच नाव द्या, एक चक्कर वाचते.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसल्यामुळे यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर घेतला, १,४५० रुपये. सीडीवर ओरखडे होते. साध्या पद्धतीने कॉपी केली की मध्येच अडकायची आणि एरर यायची. बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने टूथपेस्ट घासायला सांगितलं. ते करू नका, त्याने नवे ओरखडे पडतात. कोमट पाणी, हाताच्या साबणाचा थेंब आणि मऊ सुती कापड पुरतं. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही.

त्यानंतर भाच्याने लॅपटॉपवर लिनक्स टाकून डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालवला. हा मोफत आहे आणि खराब डिस्क वाचण्यासाठीच बनवलेला आहे. सोपा भाग तो आधी पटापट वाचून घेतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या सोडलेल्या जागांकडे परत येतो. कुठपर्यंत वाचलं, काय राहिलं, याची नोंद तो एका वेगळ्या मॅप फाइलीत ठेवतो. आमच्याकडे या नोंदीचं मोल फार. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की वीज तासन्‌तास जाते आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली. वीज आली की तीच कमांड पुन्हा द्यायची, काम राहिलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. सीडीसाठी सेक्टरचा आकार २,०४८ बाइट द्यायला विसरू नका. एक हट्टी भाग उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून वाचल्यावर सुटला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॅप फाइलीत एकही वाईट जागा उरली नाही. त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांना शिरा करून घातला.

तुमचा गेम दुसरा असेल तर हे आधी तपासा. त्या काळातल्या बऱ्याच गेमांचं संगीत फाइलींत नसून सीडीवर गाण्याच्या ट्रॅकसारखं असायचं. १९९६ च्या क्वेकचं तसंच आहे, पहिला ट्रॅक डेटाचा आणि दुसऱ्यापासून संगीत. अशा सीडीची आयएसओ, म्हणजे सगळ्या डेटाची एकच नक्कल-फाइल, केली तर संगीत मागेच राहतं, कारण आयएसओत फक्त डेटा येतो. तिथे बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी करावी लागते, एकीत सगळे ट्रॅक आणि दुसरीत त्यांची यादी. क्लॉचं संगीत फाइलीतच असल्यामुळे आम्हाला आयएसओ पुरली.

आयएसओ झाल्याबरोबर तिचा एसएचए-२५६ हॅश काढून वहीत लिहिला. आधारला अंगठ्याचा ठसा तसा हा फाइलीचा ठसा. आतला एक बाइट जरी बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. मूळ प्रत पेनड्राइव्हवर ठेवून पेनड्राइव्ह कपाटात टाकला आणि पुढचं सगळं काम नकलेवर केलं. या कामात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. आवाज बाहेर काढणं ही एक पायरी आणि रूपांतर ही दुसरी. लोक दोन्ही एकदम करतात. गेमच्या मोठ्या फाइलीतून काढतानाच एमपी३ करून ठेवतात, आणि वर्षभराने चांगल्या दर्जाची फाइल लागली की हातात काहीच नसतं. जे जसं आहे ते तसंच आधी बाहेर काढा, नाव न बदलता, आवाज मोठा न करता, सुरुवातीची शांतता न कापता.

सगळा माल क्लॉ डॉट रेझ या एकाच मोठ्या फाइलीत आहे. झिप उघडणारे प्रोग्राम ती उघडत नाहीत. आम्ही ती एचएक्सडी या मोफत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. डावीकडे आकड्यांच्या रांगा आणि उजवीकडे त्यांची अक्षरं. सुरुवातीलाच मोनोलिथचं नाव आणि १९९५ हे साल इंग्रजीत स्पष्ट वाचता येतं. पुढे बराच वेळ अर्थ लागेल असं काही दिसेना. मग खाली सरकताना भाचा थांबला. ‘‘मावशी, हे पाह्य. नावं सरळ हायेत अन् एक्स्टेन्शन उलटं हाय.’’ खरंच, फाइलीच्या नावाच्या आधी व्ही, ए, डब्ल्यू अशी अक्षरं होती. डब्ल्यू, ए, व्ही म्हणजे वेव्ह या आवाजाच्या फाइली, पण शेवटाकडून. संगीताच्या फाइलींपाशी आय, एम, एक्स. हे कळल्यावर बाकीचं उलगडत गेलं. प्रत्येक फाइलीच्या नोंदीत ती कुठून सुरू होते आणि किती लांब आहे हे चार-चार बाइटच्या आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि त्या आकड्यांतला सर्वांत लहान बाइट पहिला येतो. फोल्डरमध्ये फोल्डर अशी रचना आहे, लेव्हलप्रमाणे वेगळे फोल्डर, त्यांत संगीत, आवाज, चित्रं. डेटा दाबून भरलेला नसल्यामुळे तो कापून बाहेर काढला की झालं. भाच्याने पायथॉनमध्ये लहानसा प्रोग्राम लिहिला. हेच काम करणारी तयार अवजारंही आहेत. ओपनक्लॉ नावाचा मुक्त प्रकल्प तर मूळ रेझ फाइल वापरून सगळा गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवतो. तरी फाइल एकदा आपल्या डोळ्यांनी वाचून पाहा असं मी म्हणेन, पुढची भीती निघून जाते.

तुमच्या गेमची अशी मोठी फाइल कुठल्याच अवजाराने उघडत नसेल तरी वाट आहे. प्रत्येक वेव्ह फाइल आर, आय, एफ, एफ या चार अक्षरांनी सुरू होते आणि लगेच पुढच्या चार बाइटांत तिची उरलेली लांबी असते. हेक्स एडिटरमध्ये ही अक्षरं शोधायची, लांबीत ८ मिळवायचे, तेवढे बाइट कापून वेगळ्या फाइलीत ठेवायचे. नाव मिळत नाही, आवाज मिळतो.

विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या गेमांत मात्र वेव्ह क्वचित भेटते. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाच्या व्हीओसी फाइलीत दर, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती मोजमापं (नमुने) घेतली तो आकडा, सरळ लिहिलेला नसतो. एक छोटी संख्या असते. ती २५६ मधून वजा करायची आणि १०,००,००० ला त्या उत्तराने भागायचं, की सेकंदाला किती नमुने ते मिळतं. १९९३ च्या डूममध्ये आवाजाच्या आधी आठ बाइटचं शीर्षक असतं, त्यात दर आणि नमुन्यांची संख्या, आणि नंतर बिनचिन्हाचे, म्हणजे उणे आकडे नसलेले, ८ बिटी नमुने. हे ‘बिनचिन्हाचे’ फार महत्त्वाचं आहे. तिथे शांतता म्हणजे ० नसून १२८. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये कच्चा डेटा आत घेताना चिन्ह असलेला पर्याय निवडला तर कानठळ्या बसवणारी खरखर येते आणि फाइलच खराब आहे असं वाटतं. फाइल चांगली असते, पर्याय बदलायचा.

जुलै संपेपर्यंत सगळे आवाज फोल्डरात होते. आता रजिस्टर. केंद्रात आवक-जावक लिहायची सवय आहे, तीच इथे वापरली. एक्सेलमध्ये प्रत्येक आवाजाला एक ओळ: मूळ फोल्डर आणि नाव, दर, बिट, मोनो की स्टिरिओ, लांबी मिलिसेकंदांत, गेममध्ये कुठे वाजतो, आपला पर्यायी आवाज तयार आहे का, तो कोणी दिला. दर आणि लांबी एफएफप्रोब या प्रोग्रामने आपोआप भरली. त्या काळात ११,०२५ आणि २२,०५० हे दर सर्रास असायचे. ‘कुठे वाजतो’ हा रकाना मात्र गेम खेळत खेळत, कान देऊनच भरावा लागतो. संध्याकाळी केंद्र बंद केल्यावर भाचा फोनवर आणि मी गेमपुढे, असा ऑगस्ट गेला. कंटाळवाणं काम आहे. पण हा रकाना नसेल तर शंभर फाइलींत एक ‘धप्प’ कुठला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

संगीताचा भाग वेगळाच निघाला. आय, एम, एक्स म्हणजे एक्सएमआय. माइल्स साउंड सिस्टिम वापरणाऱ्या गेमांचं हे फॉरमॅट. त्यात आवाज नसतोच. कुठलं वाद्य, कुठला सूर, किती जोरात, एवढ्या सूचना असतात आणि वाजवायचं काम साउंड कार्डाचं. साध्या मिडी फाइलीत (अशाच सूचनांचं सर्रास चालणारं फॉरमॅट) सूर सुरू कर ही एक सूचना आणि थांबव ही दुसरी. एक्सएमआयमध्ये थांबवण्याची सूचना नसते. सूर सुरू करतानाच तो किती वेळ वाजवायचा ते लिहिलेलं असतं. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक सुरासाठी थांबण्याची जागा मोजून नवी सूचना घालावी लागते. दुसरी गोष्ट वेगाची. एक्सएमआयचं घड्याळ सेकंदाला १२० टिकटिकींवर चालतं. रूपांतरात हे नीट उतरलं नाही तर तीच धून धावत सुटते किंवा रेंगाळते. पडताळणी सोपी आहे: मूळ गेममध्ये धून सुरू होऊन पुन्हा पहिल्यापासून लागेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा आणि मिडीची लांबी त्याच्याशी ताडायची. या फॉरमॅटमध्ये पुन्हा वाजवण्याच्या खुणाही ठेवता येतात, कंट्रोलर ११६ म्हणजे इथून आणि ११७ म्हणजे इथपर्यंत. तुमच्या फाइलीत त्या असतील तर रूपांतराआधीच त्यांची वेळ टिपून घ्या.

मिडी हातात आल्यावर मावशी-भाच्यात पहिल्यांदा वाद झाला. भाच्याने फ्लुइडसिंथ या मिडी वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्लुइड आर३ नावाचा साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा संच, लावून धून वाजवली. हा साउंडफाँट १४० एमबीच्या आसपास आहे, त्यात खऱ्या वाद्यांचे नमुने आहेत आणि परवाना मोकळा आहे. ऐकायला भरदार वाटलं. पण मी क्लासमध्ये ऐकलेलं ते हे नव्हतं. तिथल्या विंडोज ९८ च्या मशीनवर यामाहाच्या चिपचं साउंड कार्ड होतं आणि संगीत एफएम पद्धतीने, म्हणजे मुद्रित वाद्यांऐवजी चिपने लाटांवरून बनवलेल्या आवाजांनी, तयार व्हायचं. तुतारी पत्र्यासारखी, ढोल कोरडा. मग मूळ आवाज म्हणायचं तरी कशाला? संगीतकाराने आपल्या महागड्या यंत्रावर ऐकला तो, की हजारो मुलांनी स्वस्त कार्डावर ऐकला तो? माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्यासाठी रिमेक करतो त्यांच्या कानात जो आहे तो मूळ. भाचा म्हणाला, ‘‘पण मावशी, नवीन पोरायले ते बेसूर वाटन.’’ त्याचंही खरं होतं. क्लासच्या जुन्या सरांनी अडगळीतलं एक मशीन काढून दिलं, ते सुरू झालं, आणि आम्ही त्यावर धून वाजवून ध्वनिमुद्रित केली, नमुना म्हणून. नंतर लिबएडीएलमिडी हा प्रोग्राम सापडला. तो ओपीएल३ या यामाहा चिपची हुबेहूब नक्कल करतो आणि एक्सएमआयही थेट वाजवतो. नमुन्याशी ताडून त्यातला जवळचा वाद्यसंच निवडला. शेवटी गेमच्या सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय ठेवले आणि सुरुवातीला एफएमच लागेल असं ठरलं. ते ऐकून भाच्याचे मित्र आता एफएमलाच चिकटले आहेत, याचा मला आनंद आहे.

सप्टेंबरमध्ये कायद्याचं पाहिलं. हे खरं तर आधी करण्यासारखं आहे. आमच्याकडे जून-जुलै म्हणजे पेरणी आणि पीक विम्याची गर्दी, म्हणून राहिलं. तालुक्याचे वकीलसाहेब जमिनीचे दावे चालवतात, तरी त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून माझ्यासमोर वाचला. ५०० रुपये फी. कलम ५२ प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला राखीव नक्कल करता येते, आणि स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी, एरवी सहज न मिळणारी माहितीही मिळवता येते. मात्र ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९९७ चं मुद्रण २०५७ अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं. ‘‘ताई, काढून घरी ठेवा, लोकांत वाटू नका,’’ हा त्यांचा सल्ला. हक्कदार कंपनीलाही ईमेल लिहून परवानगी मागितली. पाच-सहा आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, अशी परवानगी देत नाही म्हणून. वाईट वाटलं. पण ते उत्तर मी छापून फाइलीला लावलं आणि त्यावरून पुढची दिशा ठरली. मूळ आवाज आमच्या गेमसोबत जाणार नाहीत. ज्याच्याकडे स्वतःची रेझ फाइल आहे त्याने ती गेमला दाखवायची, भाच्याचा प्रोग्राम त्याच्याच कॉम्प्युटरवर त्यातून आवाज काढून घेतो. ज्याच्याकडे नाही त्याला आमचे स्वतःचे आवाज ऐकू येतील. फॅन रिमेक करणाऱ्या प्रत्येकाला मी हाच मार्ग सांगेन. मूळ कामावर प्रेम आहे म्हणूनच हे सगळं चाललंय, मग त्यांचा माल न विचारता का वाटायचा?

तर आमचे स्वतःचे आवाज. इथे खरा वेळ गेला आणि खरी मजाही इथेच आली. घरात घुमणार नाही अशी जागाच नव्हती. सिमेंटच्या भिंती, वर टिनपत्रे. नोव्हेंबरात कापूस घरात आला. भाव वाढेल म्हणून सासऱ्यांनी आतली खोली छतापर्यंत भरून ठेवली. काहीतरी आणायला मी त्या खोलीत गेले, लेकीला हाक मारली, आणि माझा आवाज समोरच विरून गेला. जराही घुमला नाही. त्याच रात्री दारापाशी दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी करून माइक लावला. माइक यूएसबीचा, २,८०० रुपये. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा फटका बसतो, त्यासाठी भरतकामाच्या रिंगवर मलमलचा तुकडा ताणून मध्ये धरला. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, हातांना खोबरेल तेल लावा. आत विडी, दिवा, शेगडी काहीही नेऊ नका आणि वायर उघडी नाही ना पाहा; वाळलेला कापूस पेटायला ठिणगी पुरते. रात्री दहानंतर मोटारी आणि ट्रॅक्टर थांबलेले असतात, तीच वेळ चांगली. फोन एअरप्लेन मोडवर. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला दहा सेकंद कोणी काही बोलायचं नाही. ही शांतता नंतर ऑडॅसिटीला नमुना म्हणून दाखवली की मागचा सूं आवाज कमी करता येतो. आवाजाची पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही.

कॅप्टनचा आवाज आमच्या भजनी मंडळातल्या एका काकांनी दिला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ते चाळीस वर्षं गात आहेत, आवाजात धार आहे. ‘‘अबे, हट ना मंधातून!’’ हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं आणि ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं. अडचण होती लांबीची. गेममधली हालचाल आवाजाच्या लांबीला बांधलेली, म्हणून रजिस्टरमध्ये मूळ आवाज जितक्या मिलिसेकंदांचा, तेवढ्यातच आपलं वाक्य बसायला हवं. काकांना मिलिसेकंद कसे सांगणार? मी मूळ आवाजाइतका वेळ खंजिरीवर ठेका धरला आणि ते त्या ठेक्यात वाक्य बसवत गेले. मग एकेक वाक्य पटापट होत गेलं. पेटी फुटण्याचा आवाज पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, वाळलेल्या काड्यांची जुडी मोडून केला, तलवारीचा विळ्यावर विळा घासून, नाण्यांचा जुन्या पन्नास पैशांची नाणी पितळी ताटात सोडून. ताट उताणं ठेवलं तर फार वेळ घुमतं. खाली घडी केलेलं पोतं ठेवायचं.

आवाज देणाऱ्या प्रत्येकाकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की हा आवाज या मोफत गेममध्ये वापरायला हरकत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची सही. गावात कोणी हरकत घेणार नाही हे माहीत असलं तरी कागद असू द्या.

डिसेंबर संपत आला तसे सासरे रोज विचारू लागले, ‘‘अवं, कापूस इकाचा का गाणे भरून ठेवाचे घरात?’’ त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खुल्या बाजाराचा भाव काही वर जाईना. जानेवारीत गाडी भरली. त्याच्या आदल्या रात्री आम्ही उरलेले सगळे ओरडे, हुंकार आणि पडण्याचे आवाज उरकून घेतले. काका, मी, भाचा आणि शेवटी सासरेसुद्धा. किल्ल्यावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याची जांभई त्यांची आहे.

शेवटी रूपांतर. छोटे आवाज वेव्हमध्येच ठेवले, २२,०५० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. मूळ आवाजांचा दर वाढवून ४४,१०० करायचा मोह होतो. त्याने फाइल दुप्पट होते, नवा तपशील काही येत नाही. संगीत ऑग व्हॉर्बिस या मोकळ्या फॉरमॅटमध्ये, क्वालिटी ५. पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या संगीताला एमपी३ घेऊ नका. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो आणि प्रत्येक फेरीला झटका बसतो. ऑगमध्ये तो प्रश्न येत नाही. तरी एक अडचण उरते. धून संपताना शेवटच्या सुरांचं घुमणं पुढच्या फेरीत जायला हवं, पण फाइल कापली की तेही कापलं जातं. उपाय असा: धून सलग दोनदा वाजवून एकच लांब फाइल करायची आणि फक्त दुसरी फेरी कापून घ्यायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिलीचं घुमणं आपसूक आलेलं असतं, सांधा ऐकू येत नाही. कापण्याची जागा नमुन्यांच्या आकड्यात मोजा, डोळ्यांनी लाटा पाहून ठरवू नका. गोडोमध्ये फाइल आत घेताना लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवण्याचा, पर्याय चालू करावा लागतो. सुरुवातीचा तुकडा एकदाच वाजायचा असेल तर लूप ऑफसेटमध्ये सेकंद भरायचे.

सगळे आवाज एका पातळीवर आणायला फेब्रुवारी गेला. मूळ आवाज आणि आपला आवाज पाठोपाठ लावून, आधी हेडफोनवर, नंतर केंद्रातल्या स्वस्त स्पीकरवर ऐकायचं. हेडफोनवर छान वाटणारा विळ्याचा आवाज स्पीकरवर टोचत होता, तो दबका केला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रजिस्टरमधला शेवटचा रिकामा चौकोन भरला आणि भाच्याने पहिली लेव्हल मित्रांना खेळायला दिली.

सीडी, ड्राइव्ह, माइक आणि वकिलांची फी मिळून ६,९५० रुपये लागले. पेनड्राइव्ह घरात होते, सॉफ्टवेअर सगळं मोफत. आयएसओ, न बदललेले मूळ आवाज आणि आमची ध्वनिमुद्रणं यांच्या तीन प्रती केल्या आहेत, एक माझ्याकडे, एक बहिणीकडे यवतमाळला आणि एक काकांच्या कपाटात, आणि दर सहा महिन्यांनी हॅश ताडून पाहायचं ठरलं आहे. दुसऱ्या लेव्हलच्या फाइलींची यादी सध्या भरते आहे. ‘कुठे वाजतो’ हा रकाना या वेळी लेकीने घेतला आहे, आणि तिला त्या लेव्हलमधले पहारेकरी माझ्यापेक्षा लवकर ओळखू येतात.